विकास योजनेतील फेरबदल (महाराष्ट्र)

विकास योजनेतील फेरबदल म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा अन्य नियोजन प्राधिकरणाच्या मंजूर विकास योजनेत तिची मुदत चालू असताना केलेला बदल होय. हा बदल एखाद्या भूखंडाच्या वापर विभागात, सार्वजनिक आरक्षणात, रस्त्याच्या आखणीत किंवा विकास नियंत्रण नियमावलीत असू शकतो. महाराष्ट्रात असे फेरबदल मुख्यत्वे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ (एमआरटीपी कायदा) याच्या कलम ३७ अन्वये केले जातात. प्रस्ताव बहुधा नियोजन प्राधिकरण तयार करते. अंतिम मंजुरी मात्र राज्य शासनाची असते.

योजनेचे स्वरूप बदलणार नाही, एवढाच फेरबदल या कलमाखाली करता येतो. म्हणून प्रशासकीय व्यवहारात त्याला ‘किरकोळ फेरबदल’ असेही म्हणतात. प्रत्यक्षात खेळाच्या मैदानाचे, शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण वगळणे, शेती विभागातील जमीन रहिवास विभागात घेणे, चटई क्षेत्र निर्देशांक वाढवणे असे दूरगामी परिणामांचे निर्णयही या मार्गाने झालेले आहेत. त्यामुळे फेरबदलाची कार्यपद्धती, तीत नागरिकांना मिळणारी संधी आणि ‘योजनेचे स्वरूप’ या शब्दांचा अर्थ हे विषय वेळोवेळी न्यायालयांपुढे आले आहेत.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. त्यात ठरावीक क्षेत्रापुरत्या नगररचना परियोजना आखण्याची तरतूद होती. संपूर्ण शहराच्या योजनेची नव्हती. १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने स्थानिक संस्थांवर आपल्या संपूर्ण हद्दीची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्याची जागा घेणारा १९६६ चा अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. शहरांसाठी विकास योजना आणि मोठ्या भूप्रदेशासाठी प्रादेशिक योजना अशी दुहेरी रचना त्याने केली.

विकास योजनेला बोलीभाषेत व वृत्तपत्रांत ‘विकास आराखडा’ किंवा ‘डीपी’ म्हणतात. शहरातील जमिनींची रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती, ना-विकास अशा वापर विभागांत वाटणी करणे, शाळा, दवाखाने, मंडई, मैदाने, उद्याने, रस्ते, पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसाठी जागा राखून ठेवणे आणि बांधकामाचे नियम ठरवणे ही तिची प्रमुख अंगे आहेत. अधिनियमाच्या कलम ३८ नुसार योजना किमान २० वर्षांतून एकदा सुधारित करावी लागते. प्रत्यक्षात दोन योजनांमधील अंतर याहून अधिक राहिल्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीची योजना १९८७ साली मंजूर झाली, तर तिची सुधारित योजना २०१७ साली. मुंबईची दुसरी विकास योजना १९९१ ते १९९४ या काळात टप्प्याटप्प्याने मंजूर झाली आणि तिसरी २०१८ साली.

एवढ्या प्रदीर्घ काळात शहर योजनेबरहुकूम वाढत नाही. लोकसंख्येचे अंदाज चुकतात, मेट्रो किंवा उड्डाणपुलासारखे योजनेत नसलेले प्रकल्प येतात, आरक्षित जागेवर पूर्वीपासूनच इमारत उभी असल्याचे लक्षात येते, नाल्याचा किंवा रस्त्याचा नकाशावरील मार्ग जागेवर जुळत नाही. अशा वेळी संपूर्ण योजना नव्याने करण्याऐवजी तिच्या एखाद्या भागात दुरुस्ती करता यावी, यासाठी कलम ३७ ची तरतूद आहे.

कायदेशीर चौकट

कलम ३७ केवळ अंतिम, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या योजनेला लागू होते. योजना प्रारूप अवस्थेत असताना करायच्या बदलांसाठी कलम २८ ते ३१ मध्ये वेगळी प्रक्रिया आहे. त्या टप्प्यावरील कोणते बदल ‘लक्षणीय स्वरूपाचे’ मानावेत, याचे निकष कलम २२क मध्ये दिले आहेत. पूर्वी बाधित नसलेली जमीन नव्या रस्त्यात किंवा आरक्षणात येणे आणि चटई क्षेत्र निर्देशांकात १० टक्क्यांहून अधिक बदल होणे यांचा त्यांत समावेश आहे. मंजूर योजनेच्या बाबतीत मात्र ‘योजनेचे स्वरूप बदलणे’ म्हणजे काय, याची व्याख्या कलम ३७ मध्ये नाही. त्यामुळे एखादा बदल या कलमाच्या कक्षेत बसतो की त्यासाठी योजनेची सुधारणाच हवी, हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरते.

या कलमात फेरबदलाचे चार मार्ग आहेत :

• पोटकलम (१) : नियोजन प्राधिकरण स्वतःहून, किंवा शासनाच्या निदेशानुसार ठरावीक मुदतीत, फेरबदलाची कार्यवाही करते.
• पोटकलम (१क) : शासनाने निदेश देऊनही प्राधिकरणाने सूचना प्रसिद्ध केली नाही, तर शासन ती प्रसिद्ध करते.
• पोटकलम (१कक) : सार्वजनिक हितासाठी तातडीने फेरबदल करणे आवश्यक आहे अशी शासनाची खात्री झाल्यास ते स्वतःच संपूर्ण कार्यवाही करते.
• पोटकलम (१ख) : झोपडपट्टी पुनर्वसन योजनेसाठी आवश्यक असलेल्या फेरबदलाची कार्यवाही झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण करते.

फेरबदलाशी मिळत्याजुळत्या, पण कायद्याच्या दृष्टीने निराळ्या असलेल्या आणखी काही तरतुदी आहेत. ज्या विभागासाठी जागा राखून ठेवली आहे, त्यालाच ती नको असेल तर कलम ५० अन्वये आरक्षण वगळता येते. मैदानासारख्या जागेचा मर्यादित दिवसांसाठी वेगळा वापर करण्याची परवानगी कलम ३७क खाली मिळते. मुदतीत जमीन संपादित न झाल्यास कलम १२७ अन्वये आरक्षण व्यपगत होते. विकास योजना नसलेल्या ग्रामीण क्षेत्रात प्रादेशिक योजना लागू असते आणि तिच्यातील फेरबदल कलम २० अन्वये होतात.

प्रस्तावाची तयारी

फेरबदलाची मागणी जमीनमालक, सार्वजनिक संस्था, शासनाचा एखादा विभाग किंवा प्राधिकरणाचा स्वतःचा नगररचना विभाग यांपैकी कोणाकडूनही येऊ शकते. मालकाने अर्ज केला म्हणून फेरबदल करण्याचे बंधन प्राधिकरणावर नसते. अर्ज ही केवळ विनंती असते. वैधानिक कार्यवाही सभेच्या ठरावाने आणि त्यानंतरच्या सूचनेने सुरू होते.

नगररचना विभाग प्रथम जागेची छाननी करतो. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर विकास योजनेचा भाग नकाशा आणि जागेवरील सध्याचा वापर ही कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहिली जातात. सर्व्हे क्रमांक, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांकातील एखाद्या चुकीमुळे सूचना भलत्याच जमिनीविषयी निघू शकते. म्हणून ही पायरी महत्त्वाची ठरते. छाननीनंतर तयार होणाऱ्या प्रस्तावात साधारणपणे पुढील बाबी असतात :

• जागेचे अचूक वर्णन, क्षेत्र आणि चतुःसीमा;
• मंजूर योजनेतील तरतूद आणि प्रस्तावित तरतूद, बहुधा शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन रकान्यांत;
• फेरबदलाची कारणे आणि त्यातील सार्वजनिक हित;
• पोहोच रस्त्याची रुंदी, पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांवरील भार;
• पूररेषा, वनजमीन, किनारपट्टी नियमन क्षेत्र किंवा वारसा स्थळे यांचे निर्बंध असल्यास त्यांची नोंद;
• आरक्षण वगळायचे असल्यास त्या परिसरात तीच सुविधा अन्यत्र उपलब्ध आहे का, याचा हिशेब.

यांतील शेवटची बाब सर्वांत निर्णायक असते. सार्वजनिक सुविधांसाठी किती जागा लागेल, हे विकास योजनेत लोकसंख्येच्या प्रमाणात ठरवलेले असते. समजा, १०,००० लोकवस्तीच्या एका प्रभागात ४ मैदाने मिळून २ हेक्टर, म्हणजे दरडोई २ चौरस मीटर जागा राखून ठेवली आहे. त्यांतील अर्ध्या हेक्टरचे एक मैदान वगळले तर हे प्रमाण दीड चौरस मीटरवर येते आणि दुसरे वगळले तर एकवर. संपूर्ण शहराच्या नकाशावर अर्धा हेक्टर नगण्य दिसतो. पण त्या प्रभागातील मुलांच्या वाट्याची खेळाची जागा दोन प्रस्तावांत निम्म्यावर आलेली असते. म्हणून प्रस्तावातील हिशेब शहराच्या एकूण क्षेत्राऐवजी त्या परिसराच्या गरजेशी लावणे हे नियोजनशास्त्राच्या दृष्टीने अधिक योग्य मानले जाते. परिसरात पूर्वी झालेले फेरबदलही त्यात धरले, तरच खरे चित्र स्पष्ट होते.

तयार झालेला प्रस्ताव प्रशासनाच्या अभिप्रायासह सर्वसाधारण सभेपुढे जातो. सभा तो मंजूर करू शकते, सुधारणांसह स्वीकारू शकते किंवा फेटाळू शकते. लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसेल तर सभेचे अधिकार प्रशासकाकडे असतात. २०२२ पासून राज्यातील अनेक महानगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या. त्या काळात प्रस्ताव मांडणे आणि त्यावर ठराव करणे ही दोन्ही कामे प्रशासनाच्याच हाती राहिली.

सूचना, हरकती आणि सुनावणी

ठरावानंतर फेरबदलाची सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. याखेरीज कोणत्या पद्धतीने प्रसिद्धी द्यायची, हे प्राधिकरण ठरवते. प्रचलित प्रथेनुसार स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली जाते आणि फेरबदल दर्शवणारा नकाशा कार्यालयात पाहण्यासाठी ठेवला जातो. संकेतस्थळावरही सूचना व नकाशा ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

सूचनेच्या दिनांकापासून एक महिन्याच्या आत कोणत्याही व्यक्तीला हरकत किंवा सूचना नोंदवता येते. येथे ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हरकत घेणारा त्या जमिनीचा मालक किंवा शेजारी असण्याची अट नाही. त्या शहरातील विद्यार्थी, रहिवासी संघटना किंवा अभ्यासक यांपैकी कोणीही ती घेऊ शकतो. मात्र व्यक्तिगत नोटीस आणि सुनावणी यांचा वैधानिक हक्क फेरबदलामुळे बाधित होणाऱ्या व्यक्तींना आहे. बाधित कोण, यावरून अनेकदा वाद होतात. ज्याची जमीन रस्त्यात जाते तो उघडच बाधित असतो. मैदान वगळल्याने ज्यांची सोय जाते त्यांची गणना त्यांत होईलच असे नाही. त्यामुळे अशा नागरिकांसाठी मुदतीत लेखी हरकत नोंदवणे हाच मुख्य मार्ग उरतो.

हरकतीत सूचनेचा क्रमांक व दिनांक, जागेचे वर्णन आणि विरोधाची कारणे असणे अपेक्षित असते. परिसरातील लोकसंख्या, उपलब्ध सुविधा, रस्त्याची रुंदी, पर्यायी जागेची शक्यता अशा पडताळून पाहता येण्याजोग्या मुद्द्यांना सुनावणीत अधिक वजन मिळते. सुनावणीनंतर प्रत्येक हरकतीवर अभिप्राय नोंदवून अहवाल तयार केला जातो. हरकतींच्या अनुषंगाने प्रस्तावात दुरुस्ती करण्याची मुभा प्राधिकरणाला असते.

राजपत्रातील सूचनेपासून एक वर्षाच्या आत प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे सादर करावा लागतो. ही मुदत टळल्यास प्रस्ताव व्यपगत झाल्याचे मानले जाते. तथापि, त्याच विषयावर नव्याने प्रस्ताव आणण्यास प्राधिकरणाला प्रतिबंध नसतो. मात्र तेव्हा सूचना व हरकतींची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

शासनाची मंजुरी

नगर विकास विभागाकडे आलेल्या प्रस्तावावर शासन आवश्यक ती चौकशी करते आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेते. त्यानंतर पोटकलम (२) अन्वये फेरबदल आहे तसा, बदलांसह किंवा अटींसह मंजूर करता येतो, अथवा नामंजूर करता येतो. शेती विभागातून रहिवास विभागात जमीन घेताना सुविधांसाठी जागा सोडणे, अंतर्गत रस्ते व पायाभूत सोयी मालकाने स्वखर्चाने करणे, अधिमूल्य भरणे अशा अटी घातल्या जातात.

मंजुरीची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की अंतिम विकास योजना त्या प्रमाणात बदलली असे मानण्यात येते. त्यानंतर नकाशावर दुरुस्तीची नोंद घेणे आणि अधिसूचनेची प्रत अभिलेखात ठेवणे हे प्राधिकरणाचे काम असते. ही नोंद वेळेवर झाली नाही, तर झोन दाखला किंवा भाग नकाशा जुन्याच योजनेप्रमाणे दिला जाऊन जमीन खरेदी करणाऱ्यांची फसगत होण्याचा धोका राहतो.

शासनाने स्वतः केलेले फेरबदल

पोटकलम (१कक) खालील कार्यवाहीत सूचना शासन प्रसिद्ध करते आणि हरकतीही शासनाकडेच येतात. मुदत संपल्यावर हरकतींच्या प्रती नियोजन प्राधिकरणाकडे पाठवून त्याचे म्हणणे मागवले जाते व त्यासाठी एक महिना दिला जातो. बाधित व्यक्ती आणि प्राधिकरण यांना सुनावणीची संधी देऊन आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन अंतिम निर्णय करते. या प्रक्रियेत स्थानिक सभागृहाचा ठराव ही पहिली पायरी नसते. शहराचे म्हणणे अनेक अभिप्रायांपैकी एक होते.

राज्यासाठीची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली हे या तरतुदीच्या वापराचे सर्वांत व्यापक उदाहरण आहे. बृहन्मुंबई आणि काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यभर लागू होणारी ही नियमावली शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. त्यासाठी विकास योजनांच्या बाबतीत कलम ३७(१कक) चा आणि प्रादेशिक योजनांच्या बाबतीत कलम २० चा आधार घेण्यात आला. शहरागणिक वेगळ्या असलेल्या नियमावल्यांची जागा त्यामुळे एकाच नियमावलीने घेतली. यातून बांधकाम परवानगीच्या नियमांत एकसूत्रता आली, असे या बदलाचे समर्थक मानतात. लहान नगरे आणि महानगरे यांच्या गरजा भिन्न असल्याने स्थानिक नियोजनाचा वाव कमी झाला, असा आक्षेप टीकाकार घेतात.

न्यायालयीन निर्णय

पुणे महानगरपालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विकास नियंत्रण नियम करणे व त्यांत बदल करणे हे कायदेमंडळीय स्वरूपाचे कार्य असल्याचे म्हटले. कलम ३७ खाली मंजुरी देताना प्रस्तावात बदल करण्याचा किंवा अटी घालण्याचा शासनाचा अधिकार या निर्णयाने मान्य झाला. अशा बदलांसाठी पुन्हा हरकती मागवण्याची आवश्यकता नाही, असा त्याचा परिणाम आहे.

कलम ३७ विषयीचा सर्वाधिक गाजलेला वाद मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचा होता. १९९१ च्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी अपेक्षित होती : एक भाग महानगरपालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक भाग गृहनिर्माण मंडळाकडे सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाकडे. २००१ साली कलम ३७ अन्वये या नियमात फेरबदल करण्यात आला. त्यानुसार वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती आणि शिल्लक चटई क्षेत्रापुरती मर्यादित झाली. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन ‘मोकळी’ धरायची की नाही, यावर गिरणगावातील बऱ्याच मोठ्या क्षेत्राचे भवितव्य अवलंबून होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अशी जमीनही वाटणीत धरली पाहिजे, असा अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये बॉम्बे डाइंग विरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या प्रकरणात तो निर्णय फिरवला आणि २००१ चा फेरबदल वैध ठरवला. परिणामी मोकळ्या जागा व सार्वजनिक घरबांधणी यांच्या वाट्याला आलेली जमीन मूळ नियमाच्या तुलनेत बरीच कमी झाली.

मनोहर जोशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणाचा विषय पुण्याच्या एरंडवणे भागातील, प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवलेला भूखंड हा होता. ते आरक्षण हलवून तेथे खासगी बांधकामाला वाट करून देण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली ही कार्यवाही बेकायदेशीर ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो निर्णय कायम ठेवला. आरक्षण हलवण्यासाठी कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळली पाहिजे आणि निर्णयामागे सार्वजनिक हित असले पाहिजे, या तत्त्वाचा आधार म्हणून हा निकाल उद्धृत केला जातो.

कर्नाटकातील बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणही (१९९१) याच संदर्भात सांगितले जाते. उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्यात अवैध ठरवला होता. त्या परिसरातील रहिवाशांना अशा निर्णयाला आव्हान देण्याचा अधिकार असल्याचेही न्यायालयाने मान्य केले.

आरक्षण व्यपगत होणे आणि फेरबदल

अनेक फेरबदलांच्या मुळाशी संपादित न झालेली आरक्षणे असतात. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर प्राधिकरणाला मिळणारी मुदत पूर्वी ६ महिने होती. ती २००९ च्या दुरुस्तीने १२ आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने करण्यात आली. या मुदतीतही संपादन किंवा त्यासाठीची कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते आणि मालकाला लगतच्या जमिनीप्रमाणे विकास करता येतो. केवळ पत्रव्यवहार किंवा प्रस्ताव पाठवणे ही संपादनाची कार्यवाही ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली स्पष्ट केले.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यामुळे मोबदल्याचा खर्च वाढला. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देणे, किंवा मालकाने आरक्षणाचा काही भाग बांधून प्राधिकरणाला द्यावा व उरलेल्या जागेचा स्वतः विकास करावा, असे पर्याय वापरले जातात. मालकाची वर्षानुवर्षे अडकलेली जमीन आणि परिसराची न भागलेली गरज या दोहोंचा भार एकाच भूखंडावर पडतो. आरक्षण वगळण्याचा फेरबदल पहिला प्रश्न सोडवतो. दुसऱ्याचे उत्तर प्रस्तावात पर्यायी जागा दाखवली असेल तरच मिळते.

टीका आणि चर्चा

फेरबदलाच्या प्रक्रियेवर नियोजनतज्ज्ञ व नागरी संघटना प्रामुख्याने पुढील आक्षेप घेतात.

पहिला आक्षेप प्रसिद्धीविषयीचा आहे. राजपत्र व वर्तमानपत्रांतील सूचना कायद्याच्या भाषेत आणि सर्व्हे क्रमांकांत लिहिलेल्या असतात. ज्या मैदानावर मुले रोज खेळतात ते मैदान म्हणजेच सूचनेतील अमुक सर्व्हे क्रमांक, हे नकाशा पाहिल्याशिवाय रहिवाशांना कळत नाही. प्रत्यक्ष जागेवर फलक लावण्याची सक्ती कलम ३७ मध्ये नाही.

दुसरा आक्षेप एकत्रित परिणामांविषयीचा आहे. प्रत्येक फेरबदल स्वतंत्रपणे तपासला जातो आणि स्वतंत्रपणे पाहिल्यास तो योजनेचे स्वरूप बदलत नाही. परंतु १५-२० वर्षांत झालेल्या सर्व फेरबदलांची बेरीज मूळ योजनेपासून किती दूर गेली, हे तपासण्याची वैधानिक तरतूद या कलमात नाही.

तिसरा आक्षेप अधिकारांच्या वाटणीचा आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचनेसह नागरी नियोजन हा पहिलाच विषय आहे. असे असताना फेरबदलाचा आरंभ आणि शेवट दोन्ही शासनाच्या हाती असू शकतात, हे विकेंद्रीकरणाच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे म्हटले जाते. याउलट, स्थानिक हितसंबंधांच्या दबावापासून योजनेचे संरक्षण करण्यासाठी आणि एकाहून अधिक शहरांतून जाणाऱ्या प्रकल्पांसाठी शासनाचे नियंत्रण आवश्यक असल्याचा युक्तिवाद केला जातो.

फेरबदलाची सोय नसती, तर मोजणीतील साधी चूकही पुढील योजनेपर्यंत तशीच राहिली असती, हे टीकाकारही मान्य करतात. मतभेद आहेत ते लवचिकतेच्या मर्यादेबद्दल. योजनेवर विसंबून लोक घरे घेतात, शाळा निवडतात आणि गुंतवणूक करतात. त्यामुळे ती किती सहज बदलता यावी, हा प्रश्न तांत्रिक असण्याबरोबरच सार्वजनिक विश्वासाचाही आहे.

अन्य प्रदेशांतील पद्धती

गोव्यात नगर व ग्राम नियोजनाच्या १९७४ च्या कायद्याखाली प्रादेशिक योजना केली जाते. प्रादेशिक योजना २०११ मधील जमीन वापराच्या बदलांविरुद्ध मोठे जनआंदोलन झाल्याने ती २००७ साली मागे घेण्यात आली. पुढे एकेका भूखंडाचा वापर विभाग बदलण्याची सोय करणाऱ्या दुरुस्त्या या कायद्यात झाल्या व त्यांनाही न्यायालयात आव्हान मिळाले. त्यांपैकी कलम १७(२) खालील नियम व मार्गदर्शक तत्त्वे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवली.

अमेरिकेतील काही राज्यांनी फेरबदलांच्या वारंवारतेवरच मर्यादा घातली आहे. वॉशिंग्टन राज्याच्या १९९० च्या वाढ व्यवस्थापन कायद्यानुसार स्थानिक शासनाला आपल्या सर्वंकष योजनेतील फेरबदल, काही अपवाद सोडून, वर्षातून एकदाच विचारात घेता येतात. त्या वर्षी आलेले सर्व प्रस्ताव एकत्र तपासून त्यांचा एकूण परिणाम पाहावा, हा त्यामागील हेतू आहे. कॅलिफोर्नियात योजनेच्या कोणत्याही एका अनिवार्य घटकात सर्वसाधारणपणे वर्षातून चारदाच फेरबदल करता येतो; मात्र एका वेळी अनेक बदल एकत्र करण्यास मुभा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी संख्येची किंवा वारंवारतेची मर्यादा नाही.

हेही पहा

• महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६
• विकास योजना
• चटई क्षेत्र निर्देशांक
• हस्तांतरणीय विकास हक्क
• गिरणगाव
• भारतीय संविधानाची ७४ वी दुरुस्ती